वऱ्हाडने गमावलेल्या दोन सावकाश गाड्या

१६ एप्रिल २०२५ रोजी बेलोऱ्याच्या विमानतळावरून मुंबई–अमरावती प्रवासी विमानसेवा सुरू झाली आणि वऱ्हाडच्या पर्यटनाची चर्चा पुन्हा रंगली. विमान हवेच होते. त्यासाठी या जिल्ह्याने पुष्कळ वाट पाहिली. पण उतरलेल्या पाहुण्याला दाखवायचे काय, हा प्रश्न त्या आनंदात मागे पडला. चिखलदरा, मेळघाट, नरनाळा, थोडे पुढे लोणार ही उत्तरे खरीच आहेत. मात्र केवळ ज्यांच्यासाठी जगाच्या पाठीवरचा हौशी प्रवासी वाट वाकडी करून अकोला-अमरावतीला यावा, अशा दोन गोष्टी आपल्याकडे होत्या. धुळघाटचे रेल्वेचे वळण आणि मूर्तिजापूरची शकुंतला ही नॅरोगेज गाडी. दोन्ही एकाच दशकात गेल्या, दोन्ही विकासाच्या नावाने गेल्या, आणि तो विकास त्यांच्या जागी आजही पुरता पोहोचलेला नाही. त्या दशकाचा हिशेब मांडल्याशिवाय नव्या विमानाचे स्वागत अर्धवट राहते, असे मला वाटते.

शकुंतलेचा पूर्वेतिहास वर्तमानपत्रांनी इतक्यांदा छापला आहे की तो थोडक्यात उरकतो. वऱ्हाडचा कापूस मुंबईला जाणाऱ्या मुख्य मार्गावर आणायचा म्हणून किलिक निक्सन कंपनीच्या पुढाकाराने विसाव्या शतकाच्या आरंभी अडीच फुटी नॅरोगेज रूळ पडले. मूर्तिजापुरातून एक फाटा कारंजा-दारव्ह्यावरून यवतमाळला, ११३ किलोमीटर. दुसरा दर्यापूर-अंजनगावावरून अचलपूरला, ७६ किलोमीटर. १९२१ मध्ये मँचेस्टरला घडलेले वाफेचे इंजिन १९९४ पर्यंत ही गाडी ओढत होते. त्यानंतर डिझेल आले. स्वातंत्र्यानंतर रेल्वेचे राष्ट्रीयीकरण झाले तरी हा मार्ग खासगी कंपनीच्या मालकीचा राहिला, आणि पत्रकारितेने एवढ्या एकाच गोष्टीवर वर्षानुवर्षे मथळे दिले. ‘इंग्रजांची शेवटची रेल्वे’ हा शिक्का बसला, त्याबरोबर या गाडीबद्दलची भावना बदलली. जपावी अशी वस्तू न राहता ती गुलामीची खूण ठरली, आणि ती बंद पडणे हा जणू राष्ट्रीय स्वाभिमानाचा विषय झाला. त्या गाडीत बसणारा शेतमजूर, बाजाराला निघालेली बाई, एसटीच्या भाड्यापेक्षा कितीतरी कमी पैशांत होणारा त्यांचा प्रवास, यांवर त्या मथळ्यांच्या मानाने फारच थोडे लिहिले गेले. हे मी आजही विसरायला तयार नाही.

धुळघाटचे वळण वेगळ्या कुळातले. अकोला–खंडवा हा मीटरगेज मार्ग इंग्रजांचा नव्हे, तो स्वतंत्र भारताने १९६० च्या आसपास सातपुड्यातून काढला. राजस्थान आणि दख्खन यांना मीटरगेजने जोडणारा हा दुवा. मीनाक्षी एक्स्प्रेस याच रुळांवरून धावायची. मेळघाटात धुळघाटजवळ चढ इतका की रूळ सरळ नेणे शक्य नव्हते. म्हणून अभियंत्यांनी तो डोंगराभोवती फिरवला आणि स्वतःच्याच अंगावरून पुलाने पलीकडे नेला. नकाशावर ती रेघ देवनागरी चारच्या आकड्यासारखी दिसते. अशी वळणे जगात मोजकी आहेत, आणि जिथे आहेत तिथे लोक तिकीट काढून ती पाहायला जातात. स्वित्झर्लंडमधल्या ब्रूझिओचे गोल वळण त्यांतले सर्वांत गाजलेले. बर्निना मार्गावरचे ते वळणही मीटरगेजचेच, म्हणजे धुळघाटच्याच मापाचे. युरोपच्या सहलीला जाणारी वऱ्हाडी कुटुंबे त्याच्या खिडकीतून फोटो काढतात, पण त्याचे भावंड अकोल्यापासून काही तासांवर होते, हे किती जणांना ठाऊक होते?

आता २००८ हे एकच वर्ष पाहा, कारण माझ्या मते दशकाची दिशा तिथे ठरली. त्या वर्षी युनेस्कोने बर्निना आणि आल्बुला मार्गांना जागतिक वारशाचा दर्जा दिला. त्याच वर्षी तो दर्जा आपल्या कालका–शिमला मार्गालाही मिळाला, आणि कालका–शिमला अडीच फुटी आहे, शकुंतलेइतकीच अरुंद. दोन्ही मापांच्या रेल्वे वारसा ठरू शकतात, हे जगाने एकाच वर्षात सांगितले. त्याच वर्षी पूर्णा–अकोला मार्गाचे ब्रॉडगेज पूर्ण झाले आणि पुढच्या अकोला–खंडवा तुकड्याचेही भवितव्य रुंदीकरणाशी बांधले गेले. रुंदीकरणाला माझा विरोध नाही. पूर्णा–अकोल्याच्या ब्रॉडगेजने मराठवाडा वऱ्हाडला खऱ्या अर्थाने जोडला. तक्रार एवढीच की पुढची दहा वर्षे या भागात रेल्वेविषयी एकच प्रश्न विचारला गेला, ब्रॉडगेज कधी? जे आहे त्यातले काय जसेच्या तसे ठेवायचे, हा दुसरा प्रश्न कोणत्याही पक्षाच्या निवडणुकीचा मुद्दा झाला नाही. २०१६ मध्ये शकुंतलेच्या रुंदीकरणाची घोषणा झाली तेव्हा लोकांना आनंदच झाला. १ जानेवारी २०१७ पासून अकोला–खंडवा मीटरगेज गाडी थांबली. शकुंतलाही त्याच काळात रखडत रखडत थांबली. २०२२ च्या अखेरीस अकोला–अकोट ब्रॉडगेजवर गाडी सुरू झाली, ती अकोटलाच संपते. शकुंतलेच्या मार्गावर नॅरोगेज गाडी राहिली नाही आणि ब्रॉडगेजही आलेले नाही.

धुळघाटचा मार्ग राखण्यावर सर्वांत वजनदार आक्षेप वाघाचा आहे, आणि तो मी मनापासून मानतो. मेळघाट हा १९७३-७४ मध्ये देशात सर्वप्रथम जाहीर झालेल्या नऊ व्याघ्रप्रकल्पांपैकी एक. त्याच्या पोटातून वेगवान, वर्दळीची ब्रॉडगेज नेणे चुकीचेच होते. २०२१ मध्ये मुख्यमंत्री उद्धव ठाकरे यांनी मार्ग प्रकल्पाबाहेरून न्यावा असे केंद्राला कळवले, ते योग्य झाले. रेल्वे नसलेल्या जंगलात वाघ निर्धास्त फिरत असेल तर धुळघाटचे वळण त्याला देऊन टाकावे, एवढा मोठेपणा वऱ्हाडने दाखवायला हवा. जर्मनीत हार्त्सच्या राष्ट्रीय उद्यानातून वाफेच्या मीटरगेज गाड्या आजही ब्रोकन शिखरावर जातात, आणि ते शिखर उंचीने आपल्या चिखलदऱ्याएवढेच आहे. हा दाखला मोह पाडणारा आहे, तरी मी तो धुळघाटसाठी पुढे करणार नाही, कारण हार्त्सच्या जंगलात वाघ नाही. पण अकोला–खंडवा ज्याचा भाग होता, त्या अकोला–रतलाम मीटरगेज मार्गाच्या दुसऱ्या टोकाकडे काय झाले ते सांगायलाच हवे. इंदूरजवळ पातालपाणी ते कालाकुंड हा सुमारे साडेनऊ किलोमीटरचा घाट रेल्वेने मीटरगेजच ठेवला आणि २५ डिसेंबर २०१८ पासून तिथे हेरिटेज गाडी सुरू केली. पावसाळ्यात धबधबे पाहायला लोक त्या गाडीत बसतात. मार्ग तोच, माप तेच; फक्त तिथे तो वेळेवर जपला गेला.

वाघाचा आक्षेप शकुंतलेला लागूच होत नाही. ती कापसाच्या शेतांतून, काळ्या मातीतून, पूर्णेच्या खोऱ्यातून जात होती. तिच्याबद्दलचे आक्षेप दोन. पहिला तोट्याचा. तो खरा आहे, पण शकुंतलेचा तोटा सामान्य प्रवासी गाडी म्हणून मोजला गेला. बारमाही वाहतूक हे अशा गाडीचे काम नव्हेच. वेल्समधली तालिलिन रेल्वे पाटीचा दगड वाहण्यासाठी बांधली होती, लांबी जेमतेम बारा किलोमीटर. दगडाचा धंदा बसल्यावर ती मोडीत निघाली असती, पण १९५१ मध्ये स्वयंसेवकांनी ती हातात घेतली आणि तिथून जगभर जुन्या रेल्वे वाचवण्याची चळवळ सुरू झाली. तिथे दगड, इथे कापूस, एवढाच फरक. दुसरा आक्षेप, वऱ्हाडच्या उन्हात पर्यटक येणार कोण? पण पर्यटक येतोच आहे. पावसाळ्यातल्या शनिवार-रविवारी परतवाड्याहून चिखलदऱ्याच्या घाटात गाड्यांची रांग लागते. माणसे येतात आणि सगळी एकाच डोंगरावर एकाच वेळी येतात, ही आपली अडचण आहे. आणि त्या घाटाच्या पायथ्याशी कोणते गाव आहे? परतवाड्याला लागून असलेले अचलपूर, शकुंतलेचे शेवटचे स्टेशन. मुंबई–हावडा मुख्य मार्गावरच्या मूर्तिजापूरला उतरावे, दर्यापूर-अंजनगावची कपाशी खिडकीतून पाहत अचलपूरला यावे आणि तिथून गाविलगडाखालच्या डोंगरात चढावे, असा प्रवास शंभर वर्षांपूर्वीच आखून ठेवलेला होता. चिखलदऱ्यात दरीवर ४०७ मीटर लांबीचा काचेचा स्कायवॉक उभारण्याचा घाट घातला गेला. काचेचा पूल आज कुठल्याही डोंगरावर बांधता येतो. कापसाची नॅरोगेज पैसे ओतूनही नव्याने उभी करता येणार नाही.

तिसरा एक आक्षेप लोकांच्या मनात असतो, तो उघडपणे बोलला जात नाही. आमच्या भागाला खेळण्यातली गाडी आणि बाकीच्यांना ब्रॉडगेज, असे का? विदर्भाच्या अनुशेषाची ज्यांना झळ बसली आहे त्यांचा हा राग मला समजतो. पण वारसा ठेवला म्हणून विकास अडतो, असे अनुभव सांगत नाही. नेरळ–माथेरान गाडी आजही अरुंद रुळांवरून चालते, आणि तिने कर्जत-नेरळची लोकल अडवलेली नाही. यवतमाळकडे वर्ध्याहून नवा ब्रॉडगेज मार्ग येतोच आहे; वर्धा–कळंब तुकडा २०२४ मध्ये सुरू झाला. तेव्हा सगळ्या १८९ किलोमीटरांसाठी कोणी हट्ट धरत नाही. जिथे रूळ अजून जागेवर आहेत तिथे, निदान अंजनगाव ते अचलपूर एवढा तुकडा अडीच फुटीच ठेवावा, मूर्तिजापूरचे जुने शेड सावरावे, आणि जुलै ते फेब्रुवारी आठवड्यातून दोन दिवस एक गाडी चालवावी. बेलोऱ्याला उतरलेला पाहुणा तासा-दोन तासांत त्या गाडीच्या फलाटावर पोहोचू शकतो.