गळाची काठी वाकते कशासाठी?

एक साधे कोडे घ्या. दोन किलोग्रॅम वजन टांगले तरी तुटणार नाही असा नायलॉनचा दोरा, म्हणजे आपली नेहमीची तंगूस, तुमच्याजवळ आहे. तिच्या टोकाला गळ बांधून तुम्ही ती नदीत सोडलीत आणि एक किलोग्रॅमचा मासा गळाला लागला. तंगूस तुटेल का?

"छे! दोन किलो पेलणाऱ्या दोऱ्याला एक किलो म्हणजे काय?" असे तुम्ही चटकन म्हणाल. परंतु नदीकाठी किंवा खाडीकाठी गरवायला बसणाऱ्या जाणत्या माणसाला विचारा. तंगूस नुसती हातात घट्ट धरून बसले तर ती पहिल्याच हिसक्याला तुटू शकते. तीच तंगूस एका लवचिक काठीच्या शेंड्याला बांधली, तर तोच मासा काठापर्यंत येतो. म्हणजे काठीचे काम केवळ दोरा दूरवर पोचवण्याचे नाही. ती वेळेवर वाकते, हेच तिचे खरे काम आहे. ते कसे, हे पाहू या आणि मग तशी काठी स्वतः कशी बनवायची तेही पाहू या.

हिसक्याचा हिशेब

पाण्यात असताना माशाचे बहुतेक सारे वजन पाणीच पेलते. आर्किमिडीजचे तत्त्व तुम्ही शिकलाच आहात. तेव्हा दोऱ्याला भीती असते ती माशाच्या वजनाची नव्हे, तर त्याच्या गतीची. समजा, आपला एक किलोग्रॅमचा मासा सेकंदाला २ मीटर वेगाने पळत आहे. त्याची गतिज ऊर्जा झाली २ ज्यूल. त्याला थांबवायचे तर ही ऊर्जा काढून घ्यावी लागेल आणि ऊर्जा म्हणजे बल गुणिले अंतर.

दोरा हातात घट्ट धरला असेल आणि हात जेमतेम ५ सें.मी. पुढे गेला, तर सरासरी बल २ भागिले ०.०५, म्हणजे ४० न्यूटन होईल. हे सुमारे ४ किलोग्रॅम वजनाइतके झाले. दोरा तुटलाच! आता दोरा काठीला बांधा. काठीचा शेंडा ५० सें.मी. वाकू द्या. सरासरी बल उरते फक्त ४ न्यूटन, म्हणजे सुमारे ४०० ग्रॅम वजनाइतके. वाकत जाताना काठीचा ताण शून्यापासून वाढत जातो. त्यामुळे शेवटच्या क्षणी तो सरासरीच्या दुप्पट होईल, असे धरले तरी आपली तंगूस सुखरूप राहते.

जोरात आलेला चेंडू झेलताना क्षेत्ररक्षक हात मागे घेतो, ते याच कारणाने. वाकलेल्या काठीत ही ऊर्जा स्प्रिंगमध्ये साठावी तशी साठते. मासा सैल पडला की काठी सरळ होऊ लागते आणि दोरा ताणलेलाच ठेवते. दोरा ढिला पडला नाही की गळ सहसा निसटत नाही.

तरफ कोणाच्या बाजूची?

काठीमुळे आपली शक्ती वाढते, अशी अनेकांची समजूत असते. हिशेब केला तर उलटेच दिसते. तीन मीटर लांब काठीचा बुंधा एका हाताने टेकवून धरा आणि दुसरा हात ३० सें.मी. वर ठेवा. मासा शेंड्यावर एक किलोग्रॅम वजनाइतक्या बलाने काठीशी काटकोनात ओढत असेल, तर वरच्या हाताला त्याच्या दहापट बल लावावे लागते. ही तरफ आपल्या नव्हे, माशाच्या बाजूची आहे! पण काठी वाकली की तिचा शेंडा आपल्या जवळ येतो, तरफेचा लांब बाहू आखूड होतो आणि हातावरचा भार हलका होतो. ताठ काठीत ही सोय नाही.

वाकलेल्या काठीच्या पोटात

काठी वाकते तेव्हा तिच्या बाहेरच्या बाजूचे तंतू ताणले जातात, आतल्या बाजूचे दाबले जातात आणि मधल्या भागाला फारसे काम उरत नाही. म्हणूनच आतून पोकळ असलेला बांबू वजनाला हलका असूनही मजबूत असतो. शिवाय बांबूचे चिवट तंतू सालीलगत दाटीने असतात आणि आत जावे तसे विरळ होतात. जेथे ताण जास्त, तेथेच तंतू जास्त. बांबूची चकचकीत साल तासून काठी गुळगुळीत करण्याचा मोह होतो, पण तसे केल्यास काठीचा सर्वांत बळकट भागच आपण फेकून देतो.

काठी शेंड्याकडे निमुळती का असते? शेंड्यावर बल लागले की काठीच्या कोणत्याही जागी वाकवणारा प्रभाव शेंड्यापासूनच्या अंतराच्या प्रमाणात वाढतो. भरीव गोल काठीत सगळीकडे सारखाच ताण पडावा असे वाटत असेल, तर आठपट अंतरावर जाडी दुप्पट हवी. शेंड्यापासून ३० सें.मी.वर काठी ४ मि.मी. जाड असेल, तर २४० सें.मी.वर ती ८ मि.मी. असावी. प्रत्यक्ष काठीला स्वतःचे वजनही पेलावे लागते, म्हणून कारागीर यात थोडाफार बदल करतात.

जाडीतील लहानसा फरकही फार महागात पडतो. भरीव गोल काठीचा ताठरपणा जाडीच्या चतुर्थ घाताच्या प्रमाणात असतो. जाडी दहा टक्क्यांनी कमी केली, तर ताठरपणा सुमारे एकतृतीयांशाने घटतो. म्हणून पॉलिश कागद बेताने चालवावा!

कलकत्त्याच्या बांबूपासून कार्बनपर्यंत

एकोणिसाव्या शतकात काठ्या बनवणाऱ्यांनी बांबूचा आणखी चांगला उपयोग शोधला. अमेरिकेत पेनसिल्व्हेनियातील ईस्टन येथे सॅम्युएल फिलिप नावाचा बंदुकांचा कारागीर होता. तो व्हायोलिनही बनवीत असे. १८४० च्या दशकात त्याने बांबू उभा चिरून, त्याच्या पट्ट्या साल बाहेर राहील अशा रीतीने चिकटवून काठ्या तयार केल्या. पुढे साठ अंशांच्या कोनात तासलेल्या सहा त्रिकोणी पट्ट्यांची षट्कोनी काठी रूढ झाली. हायरम लेनर्ड या कारागिराने १८७० च्या दशकात पट्ट्या अचूक तासणारे यंत्र वापरून अशा काठ्या मोठ्या संख्येने बनवल्या. या रचनेत आतला विरळ, दुबळा भाग तासला जातो आणि सालीलगतचा भाग सहाही बाजूंना येतो.

या सुरुवातीच्या काठ्यांसाठी बांबू कोठून जात असे, ठाऊक आहे? भारतातून! कलकत्ता बंदरातून तो जाई, म्हणून त्याचे नावच 'कलकत्ता बांबू' पडले. ज्या जातीला हे नाव आहे, तीच आपल्या विदर्भाच्या जंगलांत वाढणारी मानवेल. पुढे तिची जागा चीनच्या ग्वांगडुंग प्रांतातील 'टोंकिन' बांबूने घेतली, कारण त्याचे तंतू दाट आणि कांडी सरळ असतात. १९५० मध्ये अमेरिकेने चिनी मालावर बंदी घातली आणि तेथील कारागिरांना हा बांबू मिळेनासा झाला. तोवर काचतंतूंच्या काठ्या बाजारात आल्याच होत्या. १९६० च्या दशकात ब्रिटनमध्ये फार्नबरो येथील विमानसंशोधन संस्थेत बळकट कार्बनतंतू तयार झाले आणि १९७३ मध्ये फेनविक या अमेरिकी कंपनीने कार्बनतंतूंच्या काठ्या विक्रीस आणल्या.

गंमत अशी, की या नव्या काठ्यांचे तत्त्व बांबूचेच आहे: लांबीच्या दिशेने चिवट तंतू, त्यांना धरून ठेवणारा चिकट पदार्थ आणि मध्ये पोकळी. बांबूत तंतूंना धरून ठेवण्याचे काम लिग्निन करते, तर कार्बनच्या काठीत ते कृत्रिम राळ करते.

तुमची काठी तुम्हीच बनवा

कोकणात माणगा आणि विदर्भात मानवेल हे जवळजवळ भरीव बांबू मिळतात. ते या कामाला उत्तम. सुमारे अडीच मीटर लांब, सरळ आणि निदान तीन वर्षांचा पक्व बांबू निवडा. कोवळ्या बांबूत पाणी आणि स्टार्च जास्त असते. वाळताना तो आकसतो आणि स्टार्चच्या ओढीने त्याला भुंगेरे लागतात. तोडलेला बांबू काही दिवस वाहत्या पाण्यात बुडवून ठेवण्याची आपल्याकडची जुनी पद्धत शास्त्रशुद्ध आहे, कारण त्यामुळे स्टार्च निघून जातो. मग बांबू सावलीत उभा टांगून खाली वजन बांधा, म्हणजे तो सरळ वाळेल. यास एकदोन महिने तरी लागतात.

कोठे वाक राहिलाच, तर त्या जागी मंद आचेची धग द्या. गरम झाल्यावर लिग्निन मऊ होते. तेवढ्यात काठी सरळ करून थंड होईपर्यंत तशीच धरावी. हे काम वडीलधाऱ्यांच्या देखरेखीखालीच करा. पोकळ कांडे तापवायचे असेल, तर त्याला आधी बारीक भोक पाडून घ्या, नाहीतर आतली हवा तापून कांडे फटकन फुटते. गाठींवरचे खवले तेवढे कानशीने घासा. साल सोलू नका.

यानंतर दोरा जाण्यासाठी कड्या. खिळ्याभोवती न गंजणारी तार गुंडाळून त्या घरी करता येतात. कड्या शेंड्याकडे जवळजवळ आणि बुंध्याकडे दूरदूर बसवतात, कारण शेंडा जास्त वाकतो. जागा ठरवण्याची युक्ती अशी: कड्या आधी चिकटपट्टीने तात्पुरत्या लावा, त्यांतून दोरा ओवा आणि दोरा ओढून काठी वाकवा. जेथे दोरा काठीच्या वळणाला सोडून सरळ जाताना दिसेल, तेथे आणखी एक कडी हवी. कड्या कमी असतील, तर सारा भार मोजक्या जागी पडतो आणि काठी तेथेच मोडते.

कडीचे पाय सुती दोऱ्याने घट्ट गुंडाळून बांधतात. क्रिकेटच्या बॅटची मूठ पाहा, तशी ही गुंडाळी दिसते. शेवटचे सहासात वेढे घेताना त्यांखाली दुहेरी दोऱ्याचा एक फास ठेवा. गुंडाळीचे टोक या फासात ओवून फास ओढून काढला, की टोक वेढ्यांखाली जाऊन बसते. गाठ मारावी लागत नाही. घर्षणच ते टोक धरून ठेवते. त्यावर वार्निशाचे दोनतीन पातळ हात द्या. बुंध्याला सुतळी गुंडाळली की मूठ तयार झाली.

परीक्षा घ्या

आधी एक प्रयोग. सर्वत्र सारख्या जाडीची बांबूची पातळ कांबीट किंवा पोलादी पट्टी टेबलाच्या कडेला घट्ट धरा आणि २० सें.मी. भाग बाहेर ठेवा. टोकाला लहानसे वजन टांगून टोक किती खाली येते ते मोजा. मग ४० सें.मी. भाग बाहेर ठेवून तेच वजन टांगा. पट्टी फार वाकली नसेल, तर टोक सुमारे आठपट खाली आलेले दिसेल, कारण वाकणे लांबीच्या घनाच्या प्रमाणात वाढते.

आता तुमच्या काठीची मूठ घट्ट बांधा, शेंड्याला ५०, १००, १५० ग्रॅम वजने क्रमाने टांगा आणि आलेख काढा. भिंतीवर कागद लावून वाकलेल्या काठीची रेषाही काढून घ्या. ती रेषा सलग, गोलाईदार हवी. कोठे एकाएकी कोन दिसला, तर तेथे काठी दुबळी आहे. एव्हरेट गॅरिसन हा अमेरिकी अभियंता अशाच तऱ्हेने काठीच्या प्रत्येक भागावरचा ताण गणिताने काढून बांबूच्या काठ्या बनवीत असे.

दोरा तुटला तर

हा सारा खटाटोप केवळ मासा हातचा जाऊ नये म्हणून नाही. दोरा तुटतो तेव्हा मासा तोंडात गळ आणि मागे लोंबणारी तंगूस घेऊन जातो. नायलॉन वर्षानुवर्षे कुजत नाही. काठाच्या झुडपांत अडकलेल्या तंगुशीत बगळ्यांचे पाय आणि पाणकावळ्यांचे पंख गुंततात. दोऱ्याच्या ताकदीला साजेशी वाकणारी काठी असेल, तर हे पुष्कळसे टळते. तुटलेला तुकडा दिसला, तर तो गोळा करून घरी आणा.

पावसाळ्यात अनेक मासे अंडी घालायला प्रवाहाविरुद्ध चढतात. त्या दिवसांत गळ टाकू नये आणि एरवीही लहान मासा ओल्या हाताने धरून परत सोडावा. महासीरसारखे मासे नद्यांतून इतके कमी झाले, की लोणावळ्याजवळच्या वळवण तलावाकाठी १९७० च्या दशकात त्यांची पिल्ले मुद्दाम वाढवण्याचे काम हाती घ्यावे लागले.

आणखी दोन गोष्टी ध्यानात ठेवा. कार्बनच्या काठीतून आणि ओल्या बांबूतूनही वीज वाहू शकते, तेव्हा विजेच्या तारांखाली किंवा ढग गडगडत असताना काठी उभारू नका. आणि पाण्याकाठी एकटे जाऊ नका.

येत्या सुटीत वर्गातील चौघांनी चार वेगवेगळ्या बांबूंच्या काठ्या करा. त्यांचे आलेख एकाच कागदावर काढा आणि कोणत्या काठीला किती ताकदीची तंगूस शोभेल, ते पाण्याकडे जाण्यापूर्वीच ठरवा.