कामाची जागा

जयपूरच्या जुन्या तटबंदीबाहेर, वायव्येस, सीकरकडे जाणाऱ्या रस्त्यालगत मुरलीपुरा ही वसाहत आहे. तिच्या शेजारी विश्वकर्मा औद्योगिक क्षेत्र पसरलेले आहे. पुण्याजवळची भोसरी किंवा ठाणे जिल्ह्यातील अंबरनाथ ज्यांनी पाहिले असेल, त्यांना अशा वसाहतीची कल्पना सहज करता येईल. येथील पुरुष सकाळी डबा घेऊन बाहेर पडला म्हणजे तो ‘कामावर गेला’ असे म्हणतात. त्याच घरात पहाटे उठून पाणी भरणाऱ्या, तो डबा तयार करणाऱ्या आणि दुपारी ठेकेदाराने दिलेल्या कपड्यावर नगाप्रमाणे गोटा लावून देणाऱ्या स्त्रीविषयी विचारले, तर ‘ती घरीच असते’ असे उत्तर मिळते. बहुधा ती स्वतःही तेच उत्तर देते.

स्त्रीवादी विचाराने समाजाला जे प्रश्न विचारले, त्यांपैकी सर्वांत साधा आणि सर्वांत अवघड प्रश्न या उत्तरातून निघतो. काम कशाला म्हणावे? आणि कामाची जागा कोणती? हा केवळ शब्दांचा काथ्याकूट आहे, असे प्रथमदर्शनी वाटणे शक्य आहे. परंतु कायद्याचे संरक्षण, वेतन, रजा, निवृत्तीनंतरची तरतूद या सर्व गोष्टी ‘काम’ या शब्दाच्या व्याख्येला बांधलेल्या असतात. व्याख्येबाहेर राहिलेल्या माणसाच्या वाट्याला यांतले काहीच येत नाही.

आपल्या देशातील जनगणनेचा इतिहास या दृष्टीने उद्बोधक आहे. शेतात निंदणी करणारी, गुरांचे चारापाणी पाहणारी, विणकराच्या घरी सूत भरणारी स्त्री दीर्घकाळपर्यंत ‘काम न करणारी’ म्हणून नोंदली जात असे. प्रगणक घरातील कर्त्या पुरुषाला विचारी आणि पुरुष सांगे तसे लिही. स्त्री-अभ्यासकांनी व संघटनांनी याविरुद्ध आवाज उठवल्यानंतर १९९१च्या जनगणनेत कामाविषयीच्या प्रश्नातच ‘शेतावर किंवा कौटुंबिक उद्योगात केलेले बिनमोबदल्याचे काम धरून’ अशा अर्थाची पुस्ती जोडण्यात आली. स्वयंपाक, धुणी-भांडी, मुलांचे व आजाऱ्यांचे संगोपन मात्र तेव्हाही बाहेरच राहिले. त्या कामाचे मोजमाप करावयाचे, तर वेळ मोजावा लागतो. केंद्र सरकारने २०१९ साली केलेल्या वेळ-वापराच्या पाहणीत असे आढळले की, सहा वर्षांवरील स्त्रियांपैकी शेकडा ८१ स्त्रिया रोज घरातील बिनपगारी कामे करतात व त्यांत सरासरी २९९ मिनिटे घालवतात. पुरुषांपैकी शेकडा २६ जणच अशा कामाला हात लावतात आणि त्यांचा वेळ भरतो ९७ मिनिटे. पाच तास म्हणजे कारखान्यातील पाळीच्या निम्म्याहून अधिक. ही पाळी कोणत्याही हजेरीपटावर लागत नाही.

घरातील या कामाच्या प्रश्नाला दुसरी एक बाजू आहे, आणि ती अधिक कठोर आहे. काम घराबाहेरचे असूनही ते करणारी स्त्री ‘कामगार’ ठरत नसेल, तर तिच्यावर आलेल्या संकटाची जबाबदारी कोणाची? या प्रश्नाचा निकाल भारतात ज्या प्रकरणातून लागला, ते जयपूर जिल्ह्यातच घडलेले आहे. जयपूरपासून सुमारे ५० किलोमीटरांवर, बस्सी तालुक्यात भटेरी नावाचे खेडे आहे. तेथील भंवरी देवी ही कुंभार समाजातील स्त्री १९८५ साली ‘साथिन’ झाली.

साथिन म्हणजे सोबतीण. राजस्थान सरकारने १९८४ साली सहा जिल्ह्यांत महिला विकास कार्यक्रम सुरू केला, त्यात गावपातळीवर काम करणाऱ्या स्त्रियांना हे नाव देण्यात आले. कार्यक्रमाची कल्पना त्या काळाच्या मानाने धाडसी होती. शिलाईयंत्र किंवा कोंबड्या वाटण्यापेक्षा गावातील स्त्रियांनी एकत्र बसावे, आपल्या अडचणी बोलाव्यात, किमान वेतन, रेशन, पाणी, जमीन, मारहाण यांविषयी स्वतः मार्ग काढावा, असा तिचा आशय होता. त्यासाठी त्याच गावातील, बहुधा निरक्षर व गरीब जातीतील स्त्री निवडावयाची, तिला प्रशिक्षण द्यावयाचे आणि महिना २०० रुपये मानधन द्यावयाचे. वेतन नव्हे, मानधन. साथिन ही सरकारी नोकर नव्हे, ती समाजसेविका, असे शासन मानीत असे. पुढे साथिनींनी स्वतःची संघटना बांधली, तेव्हा ज्या कार्यक्रमाने त्यांना हक्कांसाठी बोलावयास शिकवले, त्याच कार्यक्रमाच्या अधिकाऱ्यांना त्यांचे बोलणे अडचणीचे वाटू लागले. यात नवल वाटण्याजोगे फारसे नाही.

१९९२च्या अक्षय्य तृतीयेच्या, म्हणजे राजस्थानी लोकांच्या ‘आखा तीज’च्या सुमारास शासनाने बालविवाह थांबवण्याची मोहीम काढली. बालविवाहाला बंदी करणारा १९२९चा कायदा ज्यांच्या नावाने ओळखला जातो, ते हरबिलास सारडा अजमेरचे. म्हणजे कायदा राजस्थानच्याच सुपुत्राच्या प्रयत्नाने झाला होता, आणि साठ वर्षांनंतरही आखा तीजेला राजस्थानात लहान मुलींची लग्ने लागत होती. साथिनींना अशा लग्नांची माहिती देण्यास व ती थांबवण्यास सांगण्यात आले. भटेरीत गावातील एका वजनदार कुटुंबात एक वर्षही पूर्ण न झालेल्या मुलीचे लग्न ठरले होते. भंवरी देवीने कुटुंबाला समजावण्याचा प्रयत्न केला. ५ मे रोजी पोलीस गावात आले आणि त्या दिवशी लग्न थांबले. दुसऱ्या दिवशी पहाटे ते उरकून घेण्यात आले. कोणावरही कारवाई झाली नाही. रोष मात्र साथिनीवर राहिला. तिच्या घरचे दूध आणि मडकी घेणे गावाने बंद केले.

२२ सप्टेंबर १९९२ रोजी संध्याकाळी ती पतीसह शेतात काम करीत असता पाच जणांनी तिच्या पतीला मारहाण केली व तिच्यावर बलात्कार झाला, अशी तिची फिर्याद आहे. तिच्या सांगण्यावर प्रथम पोलिसांनीच अविश्वास दाखवला. जवळच्या आरोग्यकेंद्रात स्त्री-डॉक्टर नव्हती. तेथून तिला जयपूरला पाठवण्यात आले, तेथे दंडाधिकाऱ्याच्या आदेशावाचून तपासणी होणार नाही असे सांगण्यात आले. चोवीस तासांच्या आत व्हावयास हवी होती ती तपासणी बावन्न तासांनी झाली. पुरावा म्हणून पोलिसांनी तिचा घागरा ठेवून घेतला, आणि पतीचा रक्ताने माखलेला साफा अंगाभोवती गुंडाळून ती परतली. पुढे तपास केंद्रीय अन्वेषण विभागाकडे गेला. डिसेंबर १९९३मध्ये राजस्थान उच्च न्यायालयाने आरोपींचा जामीन नाकारताना, बालविवाह थांबवण्याच्या प्रयत्नाचा सूड म्हणून हा अत्याचार झाला अशी आपली खात्री झाल्याचे नमूद केले. तरीही १५ नोव्हेंबर १९९५ रोजी जयपूरच्या सत्र न्यायालयाने आरोपींना बलात्काराच्या आरोपातून मुक्त केले. उच्च जातीचे पुरुष खालच्या जातीच्या स्त्रीला स्पर्श करणार नाहीत, वेगवेगळ्या वयांचे नातेवाईक मिळून असे कृत्य करणार नाहीत, अशा प्रकारची कारणे त्या निकालात होती. जात आणि लिंगभेद कोठे एकमेकांत मिसळतात हे ज्यांना पाहावयाचे असेल, त्यांनी दुसरे उदाहरण शोधण्याची गरज नाही.

मराठी वाचकाला येथे मथुरेची आठवण होणे अपरिहार्य आहे. देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात १९७२ साली एका आदिवासी मुलीवर झालेल्या अत्याचाराच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९७८ साली पोलिसांना निर्दोष सोडले. १९७९ साली उपेंद्र बक्षी, वसुधा धागमवार, रघुनाथ केळकर आणि लोतिका सरकार या चौघा विधिज्ञांनी सरन्यायाधीशांना अनावृत पत्र लिहिले, देशभर आंदोलन झाले आणि १९८३ साली बलात्काराविषयीचा कायदा बदलला. मथुरेच्या खटल्याचा निकाल काही बदलला नाही.

भटेरीच्या प्रकरणात स्त्री-संघटनांनी एक वेगळा प्रश्न उपस्थित केला, आणि या लेखाच्या दृष्टीने तोच महत्त्वाचा आहे. हा हल्ला भंवरी देवीवर कोणी एक ग्रामीण स्त्री म्हणून झाला नाही. तिने नेमून दिलेले काम केले म्हणून झाला. काम शासनाचे होते. तेव्हा ते काम करताना तिच्या सुरक्षिततेची हमी कोणी घ्यावयाची? ‘ती आमची कर्मचारी नाही’ एवढे म्हणून शासनाला हात झटकता येतील काय? जयपूरच्या ‘विशाखा’ या संस्थेने इतर संघटनांसह १९९२ साली सर्वोच्च न्यायालयात रिट अर्ज केला. समानतेचा, व्यवसाय करण्याचा आणि सन्मानाने जगण्याचा अशा घटनेतील तीन मूलभूत हक्कांवर तो आधारलेला होता. १३ ऑगस्ट १९९७ रोजी सरन्यायाधीश जे. एस. वर्मा, न्या. सुजाता मनोहर आणि न्या. बी. एन. किरपाल यांच्या पीठाने निकाल दिला. कामाच्या ठिकाणी होणारा लैंगिक छळ हा मूलभूत हक्कांचा भंग होय, असे न्यायालयाने सांगितले. आणि संसदेने कायदा करीपर्यंत पाळावयाची मार्गदर्शक तत्त्वे घालून दिली. प्रत्येक मालकाने तक्रार समिती नेमावी, तिची अध्यक्ष स्त्री असावी, निम्म्याहून कमी नाहीत इतक्या सदस्या स्त्रिया असाव्यात, बाहेरची एक जाणकार व्यक्ती तीत असावी, अशी ती तत्त्वे होत.

या निकालपत्रात भंवरी देवीचे नाव नाही. राजस्थानातील एका खेड्यातील समाजसेविकेवरील कथित अत्याचार हे अर्जाचे तात्कालिक कारण, त्याचा फौजदारी खटला वेगळा चालू आहे, म्हणून त्याचा अधिक उल्लेख नको, एवढेच न्यायालय म्हणते. कायद्याच्या शिस्तीला धरून ते योग्यच होते. परंतु त्याचा परिणाम असा झाला की, कचेऱ्यांच्या भिंतीवर लागलेल्या फलकांतून हा विषय टेबल-खुर्चीवर बसून काम करणाऱ्या नागर स्त्रीचा म्हणून लोकांसमोर आला. ज्या शेतात त्याचा उगम झाला, ते शेत दृष्टीआड गेले.

संसदेने कायदा केला तो सोळा वर्षांनी, २०१३ साली. ९ डिसेंबर २०१३पासून तो अमलात आला. या कायद्याच्या व्याख्या मुद्दाम वाचण्याजोग्या आहेत. कर्मचारी म्हणजे पगारी माणूस एवढाच अर्थ त्यात नाही; मोबदला मिळो वा न मिळो, स्वेच्छेने काम करणारी व्यक्तीही कर्मचारी ठरते. म्हणजे आज एखादी साथिन किंवा आशा स्वयंसेविका ‘मानधनावर आहे’ या सबबीवर बाहेर ठेवता येत नाही. कामाच्या निमित्ताने जेथे जावे लागते ती जागा, जाण्यायेण्यासाठी मालकाने दिलेले वाहन, एवढेच काय, राहते घरसुद्धा ‘कामाची जागा’ या शब्दांत येते. घरकाम करणाऱ्या स्त्रीच्या दृष्टीने ही शेवटची तरतूद मोठी आहे. मुरलीपुऱ्यातील एखाद्या घराचे स्वयंपाकघर हे घरातील बाईंचे घर असते, आणि भांडी घासावयास येणारीची ती कामाची जागा असते. एकाच ओट्याजवळ उभ्या असलेल्या या दोन स्त्रियांपैकी एकीला कायद्याने कामगार म्हणून ओळखले. दुसरीची २९९ मिनिटे अद्याप कोणत्याच व्याख्येत बसत नाहीत.

पुण्यात १९८० साली मोलकरणींनी संप केला, तेव्हा पगारवाढीबरोबर सुटीचा आणि माणुसकीच्या वागणुकीचा प्रश्नही पुढे आला होता. महाराष्ट्रात घरेलू कामगारांसाठी कल्याण मंडळाचा कायदा झाला तो २००८ साली. २०१३च्या कायद्याने अशा स्त्रियांना तक्रारीसाठी जिल्ह्याची स्थानिक समिती दिली. ज्या आस्थापनेत दहापेक्षा कमी माणसे काम करतात तेथील स्त्रियांनीही याच समितीकडे जावयाचे असते. तक्रार तीन महिन्यांच्या आत लेखी करावी लागते, आणि लिहिता येत नसेल तर लिहून देण्यास साहाय्य करणे हे समितीचे कर्तव्य आहे. मात्र एक उणीव ध्यानात ठेवावयास हवी. कार्यालयातील स्त्रीच्या तक्रारीची समिती स्वतः चौकशी करते. घरकाम करणारीची तक्रार मात्र, तथ्य दिसल्यास, सात दिवसांत पोलिसांकडे पाठवून मोकळी होते. पोलीस ठाण्याची पायरी चढण्याचे धाडस नसते म्हणूनच तर ती समितीकडे आलेली असते! शिवाय चार घरी काम करणारीचे एका घरचे काम तक्रारीने सुटले की गल्लीतील उरलेली तीनही घरे तिला दुरावू शकतात. याचा विचार कायद्यात कोठेच नाही.

स्थानिक समिती कोठे बसते हे किती स्त्रियांना ठाऊक असते? १२ मे २०२३ रोजी गोवा विद्यापीठातील एका प्रकरणाचा निकाल देताना सर्वोच्च न्यायालयाने, कायदा होऊन दशक लोटले तरी अंमलबजावणीत गंभीर उणिवा आहेत अशी खंत व्यक्त केली. त्याच निकालात प्राध्यापकाविरुद्धची चौकशी घाईने उरकली म्हणून त्याच्यावरील कारवाई न्यायालयाने रद्द केली, हेही ध्यानात घेतले पाहिजे. कारण समिती कागदावर असणे आणि तिला रीतसर चौकशी करता येणे यांत अंतर आहे. समित्या नेमल्या आहेत की नाहीत याची सर्व शासनांनी पडताळणी करावी व सदस्यांची माहिती संकेतस्थळावर द्यावी, असे आदेश न्यायालयाने दिले.

‘मानधन’ या शब्दाची पकडही हळूहळू सैल होत आहे. अंगणवाडीची योजना १९७५ साली सुरू झाली, तेव्हापासून तेथील सेविका व मदतनीस मानधनावरच आहेत. २५ एप्रिल २०२२ रोजी गुजरातमधील अंगणवाडी सेविकांच्या अर्जावर सर्वोच्च न्यायालयाने त्यांना १९७२चा उपदान कायदा लागू होतो असे ठरवले. म्हणजे मानधन हे त्या कायद्यापुरते तरी वेतन ठरले. हा निकाल येण्यास योजना सुरू झाल्यापासून सत्तेचाळीस वर्षे लागली.

भंवरी देवीच्या बाबतीत शासनाने १९९५च्या निकालाविरुद्ध उच्च न्यायालयात अपील केले. २००७ सालापर्यंत त्याची एकच सुनावणी झाली होती आणि तोवर दोन आरोपी मरण पावले होते. तिला १९९४ साली नीरजा भनोत पुरस्कार मिळाला. ती भटेरीतच राहिली आणि साथिनीचे काम तिने सोडले नाही.