भूल उतरली, पण श्वास येईना

अपेंडिक्सचे ऑपरेशन पाऊण तासात आटोपले. टाके घातले गेले, तरी पंचविशीतला तो तरुण ना हात हलवी, ना श्वास घेई. नाडी, रक्तदाब ठीक. मी भूलतज्ज्ञ, फुगा दाबून श्वास देत राहिलो आणि सिस्टरना बाहेर नातेवाइकांकडे पाठवले. बहीण म्हणाली, "माझ्या सिझेरियनला मलाही चार-पाच तास मशीनवर ठेवलं होतं. पण ते बायकांचं दुखणं, म्हणून बोलले नाही."

वाचकहो, श्वासनलिकेत नळी घालताना स्नायू सैल पडावेत म्हणून आम्ही 'स्कोलीन'चे इंजेक्शन देतो. रक्तातील कोलिनएस्टरेज हे एन्झाइम ते भराभर तोडते. पाच-दहा मिनिटांत श्वास परत येतो. (विषारी फवारणी अंगात भिनलेल्या शेतकऱ्याच्या रक्तात तपासतात तेच हे एन्झाइम.) काहींमध्ये ते जन्मतःच निकामी असते. मग पाच मिनिटांचे औषध कित्येक तास रेंगाळते. हा दोष आनुवंशिक आहे, हे कॅनडात डॉ. वर्नर कॅलो यांनी १९५७ च्या सुमारास दाखवले.

एन्झाइमचे जनुक तिसऱ्या गुणसूत्रावर असते. आई व वडील दोघांकडूनही सदोष जनुक आले तरच असा प्रसंग ओढवतो. एकाकडूनच आले तर सहसा काही जाणवत नाही. म्हणून आईवडील ठणठणीत, पण प्रत्येक अपत्याला धोका चारात एक. पिढ्यान्‌पिढ्या आपसांत सोयरिकी होतात तेथे असे जनुक टिकून राहते. आर्य वैश्य समाजात हा दोष अधिक आढळतो. त्यातील जनुकीय बदल २००६ साली कोइमतूरच्या शास्त्रज्ञांनी सहकाऱ्यांसह नोंदवला. यात कुणाला कमीपणा नाही, आणि दोष कोणत्याही घरात असू शकतो.

उपचार म्हणजे मशीनवर श्वास देत वाट पाहणे. मात्र झोपेचे औषध चालूच ठेवावे लागते. शुद्ध यावी आणि पापणीही हलू नये, याहून भयंकर काय?

सर्जनचे नाव रुग्णाला पाठ असते, भूल देणाऱ्याचे क्वचितच. तरीही ऑपरेशनआधी आम्ही विचारतो, "घरात कुणाला भुलेचा त्रास?" तेव्हा जुनी हकिगत आठवून सांगा. कोलिनएस्टरेजची साधी रक्ततपासणी होते, स्कोलीनऐवजी दुसरी औषधेही आहेत. ऑपरेशन अडत नाही.

तो तरुण रात्री आठला श्वास घेऊ लागला. पुढे तिन्ही भावंडांचे रक्त तपासले. धाकट्याचे चांगले निघाले. थोरल्या दोघांना मी कार्ड लिहून दिले: 'स्कोलीन व मिवाक्युरियम देऊ नये.' बहिणीने ते रेशनकार्डाच्या पिशवीत ठेवले आहे.