तार ते टॉवर : भाग ९ – जिल्हा बंद पडला तरच दखल

गेल्या आठवड्यात आपण ११२ वर लावलेल्या फोनचा प्रवास पाहिला. पाथर्डीच्या एखाद्या वस्तीवरून केलेला कॉल आधी नवी मुंबईत महापे इथल्या केंद्रात घेतला जातो, दुसरे केंद्र नागपूरला आहे, आणि तिथून निरोप उलटा फिरून जवळच्या पोलीस गाडीतल्या पडद्यावर उमटतो. १०८ चे तसेच. २०१४ साली ९३७ गाड्यांनिशी सुरू झालेल्या या रुग्णवाहिका सेवेचा फोन पुण्यात उचलला जातो आणि गाडी तालुक्यातून निघते. म्हणजे मदत शेजारच्या गावातून येणार असली तरी हाक आधी सह्याद्री ओलांडून किंवा पुण्याला जाऊन यावी लागते, आणि ती नेणारी एकच गोष्ट आहे: आपल्या फोनवरची रेंज.

रेंजच नसेल तेव्हा? टॉवर बंद पडला हे कंपनीने कोणाला, किती वेळात, कोणत्या कागदावर कळवायचे, हा आजचा विषय. तो रुक्ष आहे हे मान्य. पण सध्या जगभर दूरसंचार कंपन्यांची एकच मागणी आहे, की अहवालांचे ओझे कमी करा. अमेरिकेत तर तिथल्या नियामक आयोगाने मार्च २०२५ मध्ये ‘डिलीट, डिलीट, डिलीट’ अशा नावाचीच मोहीम काढली आणि कोणते नियम पुसून टाकावेत ते लोकांनाच विचारले. त्यामुळे काय पुसायचे आणि काय नाही, याचा विचार अहिल्यानगर जिल्ह्यातल्या माणसानेही करायला हवा.

कंपन्यांची बाजू अगदीच पोकळ नाही. ग्राहकसंख्या, दरपत्रके, तक्रारी, हिशेब, बिलांची तपासणी, सेवेचा दर्जा अशा नाना गोष्टींची माहिती दूरसंचार नियामक प्राधिकरणाला, म्हणजे ‘ट्राय’ला, आणि केंद्राच्या दूरसंचार विभागाला द्यावी लागते. देशाचे २२ परिमंडळांत तुकडे पाडलेले असल्याने एकच गोष्ट २२ वेळा भरायची. यातले काही कागद कमी केल्याने कोणाचे काही बिघडत नाही, याचा अनुभव आपल्याकडेच आहे. नोव्हेंबर २०२० मध्ये केंद्राने कॉल सेंटर आणि बीपीओंची नोंदणी, बँक हमी आणि वरचेवर द्यायचे अहवाल रद्द केले, जून २०२१ मध्ये आणखी सूट दिली. नियमाने जखडलेला तो धंदा मोकळा झाला, आणि त्या अहवालांवाचून ग्राहकाचे काही अडले नाही. कोणी वाचतच नसलेला अहवाल बंद होण्यात हळहळ कसली?

मोबाइल कंपन्यांच्या बाबतीत मात्र ट्राय उलट दिशेने गेले. ऑगस्ट २०२४ मध्ये सेवेच्या दर्जाचे तीन जुने नियम एकत्र करून एक नवा नियम आला आणि तो ऑक्टोबरपासून लागू झाला. तीनाचा एक झाला हे सुटसुटीत. पण पूर्वी तिमाही होणारे मोजमाप मोबाइलसाठी मासिक झाले, आणि कुठे सेवा आहे याचे नकाशे कंपन्यांनी आपल्या संकेतस्थळावर लावायचे असे ठरले. कंपन्यांनी कुरकुर केली. माझे म्हणणे असे, की तिमाही की मासिक हा वाद दुय्यम आहे. मोजमाप कोणत्या भूभागाचे, याकडे पाहायला हवे.

दूरसंचारच्या भाषेतले ‘महाराष्ट्र’ परिमंडळ म्हणजे मुंबई सोडून उरलेला महाराष्ट्र, अधिक गोवा. वर्षानुवर्षे सेवेचा दर्जा या अख्ख्या पट्ट्याचा मिळून सांगितला गेला. पणजीचा समुद्रकिनारा, पुण्याचे हिंजवडी आणि अकोले तालुक्यातले कुमशेत, सगळ्यांचा एकच आकडा. २००९ च्या नियमात एक कसोटी होती: महिनाभरात एकूण २४ तासांहून जास्त बंद राहिलेल्या टॉवरचे प्रमाण २ टक्क्यांपेक्षा जास्त नसावे. ऐकायला कडक वाटते. पण ते २ टक्के दर महिन्याला त्याच डोंगरातले असले, तरी कंपनी उत्तीर्ण! दूध संघाच्या टँकरची फॅट चांगली लागली म्हणून प्रत्येक कॅनमधले दूध चांगले असे कोणताही केमिस्ट म्हणणार नाही. इथे मात्र टँकरवरच काम भागत होते.

मग जिल्हा आला. २०२३ मध्ये ट्रायने आदेश काढला की एखाद्या संपूर्ण जिल्ह्यातल्या सगळ्या ग्राहकांची सेवा सलग चार तास बंद पडली तर २४ तासांत कळवा, आणि सेवा सुरू झाल्यावर ७२ तासांत कारण आणि उपाय सांगा. २०२४ च्या नियमातही मोजमापाचा घटक जिल्हाच राहिला. बंद २४ तासांपेक्षा लांबला, तर पोस्टपेड ग्राहकाला भाड्यात सूट आणि प्रीपेडवाल्याला मुदतवाढ द्यायची. नैसर्गिक आपत्ती असेल तर ही जबाबदारी नाही. त्याआधी, २०१५ मध्ये, ट्रायने प्रत्येक कॉल ड्रॉपला एक रुपया, दिवसाला जास्तीत जास्त तीन रुपये, अशी भरपाई लावून पाहिली होती. मे २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती रद्द केली. त्या मानाने जिल्ह्याचा हा नियम पुढचे पाऊल आहे.

पण जिल्हा म्हणजे केवढा? आपला जिल्हा (नाव अहिल्यानगर झाले तरी एसटी स्टँडवर अजून ‘नगर, नगर’च ऐकू येते) १७,०४८ चौरस किलोमीटरचा, राज्यात सर्वांत मोठा. त्यात साडेचार गोवे मावतील. तालुके १४. एका टोकाला कळसूबाई आणि घाटघरचा पाऊस, दुसऱ्या टोकाला जामखेडचे कोरडे माळ. एवढ्या पसाऱ्यात सगळ्याच ग्राहकांची सेवा एकदम बंद पडण्यासाठी कंपनीच्या मुख्य यंत्रणेलाच काहीतरी व्हावे लागते. रोजच्या आयुष्यात होते ते वेगळे. भंडारदऱ्याच्या बाजूला वादळात लाइट जाते, टॉवरची बॅटरी काही तास तग धरते, डिझेल पोचत नाही, आणि मग पंचक्रोशी मुकी होते. किंवा रस्त्याचे काम करणारा जेसीबी फायबर तोडतो. खोदण्याआधी कळवण्यासाठी २०२३ मध्ये केंद्राने ‘कॉल बिफोर यू डिग’ नावाचे ॲप काढले. जेसीबीवाल्याने ते पाहिलेले असतेच असे नाही. अशा वेळी अकोले तालुका अख्खा दिवस बंद राहिला आणि नगर शहरात फोन चालू असले, तर २०२३ च्या त्या आदेशाच्या लेखी जिल्हा बंद पडलेलाच नाही. शेंडीची सर्पदंश झालेली बाई, राजूरजवळचा अपघात, मुळेकाठच्या उसात बिबट्या दिसल्याची हाक, यांची कुठल्याच तक्त्यात ओळ उमटत नाही.

बिबट्याचा उल्लेख उगाच केलेला नाही. या जिल्ह्यात पोलिसांनी ‘ग्राम सुरक्षा यंत्रणा’ राबवली. एका टोल फ्री क्रमांकावर गावकऱ्याने बोललेला निरोप त्याच आवाजात गावातल्या सगळ्या नोंदवलेल्या फोनवर वाजतो. चोर, आग, हरवलेले मूल, बिबट्या, कशालाही चालते. स्वस्त, साधी आणि खरोखर उपयोगी योजना. पण तीही टॉवरवरच उभी.

आणखी एक उणीव मला जास्त खटकते. ट्रायच्या २०२३ च्या आदेशानुसार बंद कळवायचा तो प्राधिकरणाला, म्हणजे दिल्लीला, आणि तोही २४ तासांच्या आत. ज्या माणसाला हे सर्वांत आधी कळायला हवे, तो तालुक्याच्या पोलीस ठाण्यात किंवा महापेच्या खुर्चीवर बसलेला असतो. एखाद्या भागातून कॉल येत नाहीत याचा अर्थ तिथे शांतता आहे की टॉवर मेला आहे, हे त्याने ओळखायचे कसे?

अमेरिकेने हा धडा महाग पडून घेतला. ९ आणि १० एप्रिल २०१४ च्या रात्री तिथल्या ९११ या आपत्कालीन क्रमांकावरचे ६,६०० हून अधिक फोन लागलेच नाहीत. सात राज्यांत फटका बसला. कारण हास्यास्पद होते: कोलोरॅडोतल्या एका केंद्रात कॉलना क्रमांक देणाऱ्या संगणकीय मोजणीची कमाल मर्यादा संपली आणि पुढचे कॉल वाटेतच अडकले. यंत्र चालूच होते, म्हणून बिघाड लक्षात यायला तास गेले. पुढे तिथे नियम कडक होत गेले आणि २०२२ मध्ये ठरले, की ९११ वर परिणाम करणारा बिघाड कळल्यापासून ३० मिनिटांत कंपनीने थेट त्या भागातल्या आपत्कालीन केंद्राला सांगायचे. ऑस्ट्रेलियात सप्टेंबर २०२५ मध्ये ऑप्टस कंपनीच्या बिघाडात तिथल्या आपत्कालीन क्रमांकाचे शेकडो कॉल लागले नाहीत, माणसे दगावली, आणि सरकारला वेळेत का कळवले नाही यावरून कंपनीची अब्रू गेली.

म्हणून माझे मत स्पष्ट सांगतो. कंपन्यांचे कागद निम्म्यावर आणा, माझी हरकत नाही. परिमंडळाची सरासरी सांगणारे तक्ते वर्षातून एकदा आले तरी चालतील. त्याच्या बदल्यात एकच गोष्ट मागावी: तालुका हा घटक धरून, तासाभरापेक्षा जास्त बंद असलेल्या टॉवरची खबर ११२, १०८ आणि जिल्हा आपत्ती व्यवस्थापन कक्षाला आपोआप जावी. यासाठी कोणी कारकून बसवायला नको. टॉवर बंद पडला की कंपनीच्या नियंत्रण कक्षात तो तत्क्षणी दिसतो; तीच खूण आणखी तीन पडद्यांवर दाखवायची. कागद वाढत नाही.

जिथे रेंज मुळातच नाही त्या गावांचे काय, असे कोणी विचारेल. ती यादी तर सरकारकडे आधीच असते. प्रत्येक निवडणुकीत रेंज नसलेली मतदान केंद्रे ‘शॅडो एरिया’ म्हणून नोंदवली जातात आणि तिथे पोलिसांचा वायरलेस किंवा निरोप्या ठेवला जातो. मतदानाच्या दिवशी ज्या गावाशी संपर्क ठेवायची एवढी काळजी घेतली जाते, त्याच गावाची यादी दुसऱ्या दिवशी कपाटात का जावी? ती १०८ च्या आणि ११२ च्या नकाशावर कायमची चढवायला नवा कायदा लागत नाही, जिल्हाधिकाऱ्यांचे एक पत्र पुरेल.

तोवर वाचकांनी करण्यासारखे एवढे आहे. आपल्या गावावर कंपनीने संकेतस्थळावरच्या नकाशात रंग भरला आहे का ते पाहा. रंग आहे आणि रेंज नाही, तर कंपनीच्या ग्राहक सेवेत तक्रार करून तिचा क्रमांक लिहून ठेवा. समाधान झाले नाही तर ३० दिवसांच्या आत कंपनीच्याच अपील अधिकाऱ्याकडे अपील करता येते आणि त्याला पैसे पडत नाहीत. टॉवर किती तारखेला, किती वाजल्यापासून किती वाजेपर्यंत बंद होता याची नोंद ग्रामपंचायतीत एका वहीत ठेवा आणि ग्रामसभेच्या ठरावासोबत ती तहसीलदारांना द्या.