छळाचा प्रश्न आणि युनियन

युनियन पगारवाढीसाठी, छळाचं प्रकरण समितीकडे, असं पुष्कळ कामगारही मानतात. हा समज होणं स्वाभाविक आहे. दहा किंवा अधिक कर्मचारी असतील तिथे २०१३च्या कायद्याने अंतर्गत समिती (स्त्रियांच्या लैंगिक छळाच्या तक्रारींची चौकशी करणारं मंडळ) सक्तीची केली आहे. पण तिची चौकशी सुरू होते ती लेखी तक्रारीनंतर. म्हणजे समिती अग्निशमन दलासारखी. घरातली गॅसची नळी रोज तपासायला दल येत नाही. ते घरच्यांनीच पाहायचं. कामाच्या जागी ही रोजची देखरेख युनियन करू शकते.

तमिळनाडूतल्या दिंडिगुल करारात हे दिसतं. दलित स्त्रियांच्या नेतृत्वाखालच्या तिथल्या वस्त्रोद्योग युनियनने २०२२ साली कारखानदार कंपनी आणि परदेशी ब्रँड यांच्याशी करार केले. त्यातून कामगार स्त्रियाच ‘शॉप फ्लोअर मॉनिटर’ (कामाच्या जागी लक्ष ठेवणाऱ्या प्रतिनिधी) झाल्या. टार्गेटसाठीची शिवीगाळ, दमदाटी असे प्रकार त्यांना तिथल्या तिथे मांडता येऊ लागले. शिवाय कारखान्याने करार मोडला, तर ब्रँडने व्यावसायिक कारवाई करायची, असं ठरलं. भिंतीवर लावलेल्या छळविरोधी पोस्टरला अशी धार नसते.

आरोप युनियनच्याच सभासदावर असला, तर मात्र युनियनची खरी परीक्षा होते. तेव्हा बहुमताकडे नव्हे, तक्रारदाराकडे पाहावं लागतं.