तेलवाहिनीशेजारचे गाव : हानीची मोजणी

खनिज तेलाच्या उत्पादनाचे आकडे पिंपांच्या हिशेबात रोजच्या रोज नोंदले जातात. तेलवाहिनीशेजारी राहणाऱ्या कुटुंबांची मिळकत मात्र बहुधा कोणत्याच वहीत नसते. मुंबई हायचे तेल उरणच्या किनाऱ्यावर येत असल्याने महाराष्ट्रालाही हा प्रश्न परका नाही. तथापि त्याचे गांभीर्य नायजेरियातील बोडो या गावाच्या उदाहरणावरून विशेष स्पष्ट होते.

नायजर नदीच्या त्रिभुज प्रदेशात ओलोइबिरी येथे १९५६ साली तेल सापडले. याच प्रदेशातील ओगोनी भागात, खाड्या आणि खारफुटी यांच्या काठी बोडो वसले आहे. मासेमारी हा तेथील मुख्य व्यवसाय. २००८ साली शेल कंपनीची तेलवाहिनी दोनदा फुटून खाडीत तेल पसरले. कंपनीने आरंभी देऊ केलेली भरपाई होती ४,००० पौंड आणि काही धान्य, तीही साऱ्या गावासाठी. प्रकरण लंडनच्या न्यायालयात गेले आणि २०१५ साली ५ कोटी ५० लाख पौंडांवर तडजोड झाली. त्यांपैकी साडेतीन कोटी पौंड १५,६०० दावेदारांसाठी व उरलेले गावासाठी होते. सांडलेल्या तेलाचा आपला पहिला आकडा कमी होता, हेही कंपनीला मान्य करावे लागले.

नळ कोठे फुटला, किती पिंपे वाहून गेली, हे तंत्रज्ञ सांगू शकतात. सामाजिक-आर्थिक पाहणीचे प्रश्न निराळे असतात. होडी व जाळी कोणाची, कोणत्या हंगामात काय मिळे, कर्ज कोणाचे? खाडीच्या चिखलात शिंपले वेचणारी बहुधा स्त्री असते. केवळ कुटुंबप्रमुखास विचारल्यास तिची कमाई नोंदीतून निसटते. म्हणून स्त्रियांची मुलाखत स्वतंत्रपणे घ्यावी लागते. सर्वांत अवघड गोष्ट म्हणजे पूर्वीची मिळकत ठरविणे. अपघातानंतर सांगितलेल्या आकड्यावर कोणीही शंका घेऊ शकतो, आणि कोळ्याजवळ पावत्या कोठून असणार? प्रकल्पापूर्वीची पाहणी नसेल, तर तेल न पोहोचलेल्या तशाच गावाशी तुलना करणे एवढाच मार्ग उरतो.

संयुक्त राष्ट्रसंघाच्या पर्यावरण कार्यक्रमाने २०११ साली ओगोनी भागाचा अहवाल प्रसिद्ध केला. त्यासाठी २०० हून अधिक ठिकाणे व ५,००० हून अधिक रुग्णनोंदी तपासण्यात आल्या; गावोगावच्या सभांना सुमारे २३,००० लोक उपस्थित राहिले. निसिसिओकेन ओगाले येथील विहिरींच्या पाण्यात बेंझीन हे कर्करोगकारक द्रव्य जागतिक आरोग्य संघटनेच्या मर्यादेच्या ९०० पटींहून अधिक आढळले. तरीही काही रहिवासी तेच पाणी पिण्यास व स्वयंपाकास वापरीत होते. बेंझीन प्रयोगशाळेत सापडते. ते पाणी का प्यावे लागते, हे घरी जाऊनच कळते. प्रदेशाच्या शुद्धीकरणास २५ ते ३० वर्षे लागतील, असा त्या अहवालाचा अंदाज होता.