चाकाचा तुटलेला स्टड : घरी करावयाची दुरुस्ती

टोमॅटोच्या हंगामात पारनेर तालुक्यातील पुष्कळ बागायतदार आपला माल नगर-कल्याण रस्त्याने आळेफाट्यास व तेथून नारायणगावच्या बाजारात नेतात. माल नाशिवंत असल्याने फळे तोडून क्रेटमध्ये भरली की खोळंबा परवडत नाही. अशाच एका बागायतदाराने माल भरण्याच्या आदल्या संध्याकाळी आपल्या लहान मोटारीचे पुढचे चाक काढावयास घेतले. तिसरा नट सैल करताना पान्याला एकदम झोल आला, आणि नट स्टडच्या तुटलेल्या तुकड्यासह हातात आला. चारांपैकी तीन स्टड उरले. सकाळी वीस-वीस किलोचे पंधरा क्रेट, म्हणजे तीनशे किलो माल, न्यावयाचा होता. ओट्यावर बसलेले वडील म्हणाले, "तीन आहेत ना शाबूत? जा सावकाश. उद्या बघू."

असा सल्ला गावोगाव दिला जातो, आणि तो का ऐकू नये हे समजण्यासाठी स्टडचे काम काय ते पाहिले पाहिजे. मोटारीचा भार स्टडवर टांगलेला असतो असा सर्वसाधारण समज आहे, परंतु तो बरोबर नाही. स्टड व नट मिळून चाकाला हबवर घट्ट दाबून धरतात. त्या दाबामुळे दोन पृष्ठभागांत जे घर्षण उत्पन्न होते, तेच भार, ब्रेकचा जोर व वळणावरील ताण पेलते. एक स्टड गेला की दाब कमी होतो आणि शिवाय तो एका बाजूस कमी पडतो. मग चाक प्रत्येक फेऱ्यात सूक्ष्म हलू लागते व उरलेल्या स्टडना वाकविण्याचा प्रयत्न करते. तार पुनःपुन्हा वाकवली असता तुटते, त्याच रीतीने शेजारचा स्टड तुटतो व त्यानंतरचे लवकर तुटतात. रिकामी गाडी अगदी सावकाश जवळच्या गॅरेजपर्यंत नेणे ही निरुपायाची गोष्ट झाली. भरलेली गाडी त्या स्थितीत रस्त्यावर काढणे म्हणजे स्वतःचा व समोरून येणाऱ्याचा जीव धोक्यात घालणे होय. सदर बागायतदाराने क्रेट शेजाऱ्याच्या टेंपोत दिले व स्वतः घरी राहिला.

तुटलेला तुकडा फेकून देऊ नये. त्याचा तुटलेला तोंडाकडील भाग उजेडात धरून पाहावा. सर्व भाग ताजा, चमकदार व दाणेदार असेल किंवा पिळल्यासारखा दिसत असेल, तर स्टड अतिजोराने एकाएकी तुटला असे समजावे. काही भाग गुळगुळीत, त्यावर लाटांसारख्या रेषा किंवा तांबेरा, आणि उरलेला थोडाच भाग खरखरीत असेल, तर तडा फार दिवसांचा आहे. या दुसऱ्या प्रकारात शेजारच्या स्टडांनीही तोच ताण सोसलेला असतो. तेव्हा त्या चाकाचे सर्व स्टड बदलणे शहाणपणाचे. बागायतदाराच्या तुकड्यावर अर्ध्याहून अधिक भाग तांबूस होता.

नवा स्टड आणताना तुकडा व एक चांगला नट दुकानात बरोबर न्यावा. १२ मिलिमीटर जाडीच्या स्टडमध्येही काहींच्या आट्यांचे अंतर १.२५ मिलिमीटर तर काहींचे १.५ मिलिमीटर असते, आणि डोळ्यांनी हा फरक ओळखू येत नाही. चुकीचा नट दोन-तीन फेरे हाताने फिरतो व मग अडतो. अशा वेळी पान्याने जोर केल्यास दोहोंचे आटे मरतात. लांबी आणि डोक्याखालील दात्यांचा घेरही जुळला पाहिजे. लोखंडाच्या दुकानातील साधा बोल्ट तेथे कदापि घालू नये, आणि तुटक्या स्टडच्या जागी बोल्ट वेल्डिंग करून घेऊ नये. स्टडचे पोलाद उष्णतेचा संस्कार देऊन कठीण केलेले असते. वेल्डिंगच्या धगीने तो संस्कार नष्ट होतो. काही परदेशी बनावटीच्या मोटारींना स्टड नसून हबमध्ये पिळावयाचे बोल्टच असतात. त्यांची दुरुस्ती निराळी आहे.

कामास सपाट व टणक जागा निवडावी. इतर चाकांना दगडाची उटी लावावी, नट जमिनीवरच थोडे सैल करावेत व मग जॅक लावावा. केवळ जॅकच्या भरवशावर गाडीखाली हात घालू नये. चासीच्या मजबूत भागाखाली घोडी किंवा भक्कम लाकडी ओंडका द्यावा. विटा किंवा सिमेंटचे पोकळ ठोकळे भाराखाली अचानक फुटतात.

पुढच्या चाकास डिस्क ब्रेक असल्यास कॅलिपर सोडवून तारेने वर बांधावा. तो ब्रेकच्या नळीवर लोंबकळत ठेवल्यास नळी आतून फाटते, आणि हे नुकसान बाहेरून दिसत नाही. कॅलिपर उतरलेला असताना ब्रेकचे पेडल कोणी दाबू नये. घरात मुले असतील तर गाडीचे दार बंद ठेवावे. डिस्क काढली की हबची चकती उघडी पडते. हब हाताने फिरवीत पाहिल्यास मागे एखाद्या ठिकाणी स्टड बाहेर येण्याइतकी जागा सापडते. अशी जागा मुळीच नसेल तर हब उतरवावा लागतो आणि ते काम गॅरेजचेच. मागच्या चाकास ड्रम असेल तर तो काढण्यापूर्वी हँडब्रेक सोडावा लागतो, म्हणून उटी अधिक काळजीने लावावी.

स्टड दात्यांच्या पकडीने दाबून बसविलेला असतो. तो मागे ढकलण्यास क्लँपसारखे दाबयंत्र मिळाल्यास उत्तम. ते नसेल तर पितळी हातोडीने बेताचे ठोके द्यावेत. घणाचे घाव घातल्यास बेअरिंगच्या गोळ्यांचे वण त्यांच्या वाटेवर उमटतात आणि पुढे गाडी वेगात घुमल्यासारखा आवाज करू लागते. तीनशे रुपयांची दुरुस्ती तीन हजारांवर जाते ती येथेच.

नवा स्टड मागून घालून त्याचे दाते जुन्या खाचांशी जुळवावेत. समोरून चार-पाच जाड वॉशर, मध्ये थोडे ग्रीस लावून, चढवावेत व एक जुना नट सपाट बाजू वॉशरकडे ठेवून पान्याने हळूहळू आवळावा. स्टड ओढला जाऊन त्याचे डोके मागे चकतीस पूर्ण टेकले की थांबावे. टेकले की नाही हे बोटाने व डोळ्याने खात्री करून घ्यावे. अर्धवट बसलेला स्टड पुढे आपोआप आत सरकतो आणि नट सैल पडतो. या कामात वापरलेला नट पुन्हा चाकास लावू नये. डिस्कवर ग्रीसचे बोट लागले असेल तर ब्रेक साफ करण्याच्या द्रवाने ते पुसून काढावे.

चाक चढविण्यापूर्वी हब व चाक जेथे टेकतात तेथील गंज, चिखल व रंगाचे पापुद्रे तारेच्या ब्रशने घासावेत. नट प्रथम हाताने, मग समोरासमोरच्या क्रमाने आवळावेत. लहान मोटारीस बहुधा ९ ते ११ किलोग्रॅम-मीटर जोर पुरतो. नेमका आकडा गाडीच्या पुस्तिकेत असतो व तोच खरा. अर्धा मीटर लांब पान्याच्या टोकावर वीस किलोचा दाब दिला की १० किलोग्रॅम-मीटर होतात. सत्तर किलोचा माणूस त्याच पान्यावर उभा राहिला तर ३५ होतात! पंक्चरच्या दुकानात पान्यावर पाय देऊन नाचणारा मुलगा गाडीमालकास मेहनती वाटतो, परंतु स्टड ताणले जातात ते अशाच वेळी.

बागायतदाराने चारही स्टड बदलले. दुपार त्यातच गेली. साधारण ५० ते १०० किलोमीटर चालल्यावर नट पुन्हा तपासावयाचे असतात, म्हणून पुढील फेरीस नारायणगावी माल उतरल्यावर त्याने पाना काढून चारही नट पाहिले. एक नट किंचित फिरला. बाकीचे जागच्या जागी होते.